बर्फाची सुट्टी, बिबट्याची सुट्टी

बोरमळा, ता. जुन्नर
फेब्रुवारी २००४

प्रिय शीलाताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, आणि फोनवर तू विचारलंस तेव्हा मी नुसतं "लिहिते, लिहिते" म्हणून ठेवून दिला. कारण फोन सरपंचांच्या घरी. मी रिसीव्हर हातात घेतला की धर्माजीआप्पांचं अख्खं घर टीव्हीचा आवाज बारीक करून बसतं. तिथे मी काय बोलणार? तेव्हा आज लिहायला बसले आहे. आधीच सांगून ठेवते, की मी वैतागलेली आहे. त्यातला तुझ्यावरचा वैताग किती आणि बाकीच्या जगावरचा किती हे मला नीट वेगळं करता येत नाहीये. तुझ्या वाट्याचं नसेल ते तू सोडून दे.

तुझं म्हणणं मला समजलं तसं परत मांडते, म्हणजे माझी काही चूक होत असेल तर तुला कळेल. तिकडे मिशिगनला रात्रीतून बर्फ पडलं की सकाळी रेडिओवर शाळांची नावं वाचतात. ज्या शाळेचं नाव आलं ती बंद. पप्पू गादीवर उड्या मारतो, आणि तू नि दाजी स्वयंपाकघरात उभे राहून आज घरी कुणी थांबायचं यावर भांडता. दाजींची मीटिंग असते. तुझी वरिष्ठ बाई तोंडाने "हरकत नाही" म्हणते, पण तिला हरकत असते. शेजारणीने एकदा सांभाळलं, पुढच्या वेळी तिने दारच उघडलं नाही. या थंडीत इतक्या सुट्ट्या पडल्या की तुझी नोकरी टिकते का नाही याची तुला धास्ती बसली आहे. हे सगळं मला पटलं, ताई. अगदी मनापासून पटलं. पण त्याच्या खाली तू लिहिलंस, "आईला सहा महिने इकडे पाठव. तिकीट आम्ही काढतो. तू फक्त तिच्या पासपोर्टचा फॉर्म भर. नाहीतरी तिला तिथे असं काय काम आहे?"

तर आईला इथे काय काम आहे ते ऐक.

इथे शाळेला बर्फाची सुट्टी नसते. बिबट्याची असते. तू गेलीस तेव्हा असं नव्हतं. आपल्या लहानपणी वाघ म्हटलं की तो डोंगरात, आपण खाली. आता कालव्याला बारमाही पाणी, जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि त्या उसात बिबट्यांनी संसार थाटलेत. पिल्लं उसातच जन्मतात, त्यांना डोंगर ठाऊकच नाही. आता तोडणी चालू आहे, म्हणजे त्यांचं घर मोडतं आणि ते आपल्या घराकडे येतात. तालुक्यात लहान मुलं गेली आहेत, ताई, त्यामुळे मी यावर विनोद करत नाही. भीती खरी आहे. आरोग्य उपकेंद्रातून घरी येताना मी टॉर्च आणि घुंगरांची काठी घेऊन येते आणि मोठ्याने पाढे म्हणते. पण भीती खरी असली तरी शाळा बंद झाल्यावर पोरांचं काय करायचं हे कुणीतरी सांगावं की नाही? शाळा बंद करणारे बंद करून मोकळे होतात.

जानेवारीत एकदा अशी सुट्टी झालीच होती, ती मी रजा टाकून निभावली. या महिन्यातली मात्र आपल्या घरातून सुरू झाली. सकाळी धुकं होतं, आई कालव्याच्या बाजूला गाईसाठी गवत कापायला गेली, आणि कुशाबाकाकांच्या बांधावर तिला बिबट्या बसलेला दिसला. पिवळा, अंगभर काळे ठिपके, पुढे पाय पसरून निवांत. आई विळा तिथेच टाकून ओरडत आली. "वाघ! कुशाबाच्या बांधाला वाघ बसलाय!" पोरंटोरं काठ्या घेऊन धावली तोवर काही नव्हतं. पण चहाच्या वेळेला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारा झाला, दुपारी वन खात्याची जीप आली, संध्याकाळी बांधावर पिंजरा आला, त्यात आपल्याच चिमाजीची एक शेळी बांधली गेली, आणि शाळेच्या दारावर कागद लागला, की पुढील सूचनेपर्यंत बंद.

पुढील सूचनेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "वन खात्याने धोका नाही असं लेखी दिलं की लगेच." वन खात्याच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, बिबट्या नाही असं लेखी कोण देईल? उद्या आला तर?" म्हणजे शाळा बंद करायला एक माणूस पुरतो आणि उघडायला एकही पुरत नाही. यात गंमत अशी की सुट्टी फक्त मुलांना. दोन्ही गुरुजींना हजेरी होती. ते रोज मोटारसायकलवर यायचे, रिकाम्या वर्गापुढे उन्हात खुर्च्या टाकून बसायचे आणि संध्याकाळी जायचे. चार भिंती आहेत, दार आहे, कडी आहे, दोन शिकलेली माणसं आहेत, आणि मुलं मात्र उसाच्या कडेला आपापल्या घरी. मी हे गुरुजींना बोलून दाखवलं. त्यांनाही ते पटलं. सगळ्यांना सगळं पटतं.

बायांचं काय झालं विचार. कांद्याची खुरपणी चालू, एक दिवस घरी बसलं तर मुकादम दुसरी बाई बघतो. काहींनी पोरं शेतावर नेली, म्हणजे ज्या उसाच्या भीतीने शाळा बंद, त्याच उसाला खेटून बसवली. काहींनी बाहेरून कडी लावून घरात कोंडली. ठाकरवाडीची अंबाबाई एक दिवस दोन पोरं हाताला आणि एक काखेत घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "सिस्टर, वाघ उसात हाय का न्हाई ते वाघाला ठावं. माझं काम जातंय ते मला ठावं. ही तीन हितं बसूंद्या, तुमच्या दाराला कडी हाय." मी काय नाही म्हणणार? तिचं बघून दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. उपकेंद्राच्या व्हरांड्यात मावेनात तेव्हा आत घेतली. तपासणीच्या टेबलावर चार जण बसून अंक लिहीत होते, आणि एका पोराने वजनकाट्यावर स्वतःच्या बहिणीला पुन्हापुन्हा तोललं. नेमकी तेव्हाच मोठ्या डॉक्टरसाहेबांची गाडी आली. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "सिस्टर, हे उपकेंद्र आहे का बालवाडी?" त्या हसण्याने मला ताप आल्यासारखं झालं. पोलिओचा रविवार तोंडावर, मार्चअखेरची आकडेवारी बाकी, आणि साहेब हसून गेलेले. जेवण गेलं नाही मला दोन दिवस. तुला माहीतच आहे माझं, वर्गात दुसऱ्याने खोडी काढली तरी माझे कान लाल व्हायचे.

म्हणून मग निदान माझी श्रेया तरी मी आईपाशी घरी ठेवायला लागले. बाकीच्यांना अशी आई नव्हती. म्हणजे बघ, आईला इथे काय काम आहे.

लिहिता लिहिता मढची आठवण येते. तेव्हा दादा हयात होते, तिथे रस्ता दुरुस्तीच्या गँगवर होते, आपल्याला सरकारी खोली होती. पावसात रस्ता बंद पडला की ओतूरहून गुरुजींची एसटी यायची नाही आणि शाळा आठवडेच्या आठवडे बंद असायची. आपल्याला त्याचं काय सुख वाटायचं! आई सुपात नाचणी पसरायची आणि म्हणायची, "आधी बघ, मग काढ." ती बोटाने अक्षर काढायची, आपण नीट बघायचं, मग ती सूप हलवायची, अक्षर पुसलं जायचं, आणि आपण आठवून काढायचं. मला तर शाळेत जायच्या आधीच बाराखडी यायची ती त्या सुपामुळे. चुलीपाशी भाकरी थापता थापता तिला तिथून दिसायचं, की माझ्या 'अ'ची शेपटी उलटी वळली आहे. पाठीला डोळे आहेत तिला, असं तू म्हणायचीस. आता मला वेगळीच गोष्ट आठवते. लावणीचे दिवस असायचे ते. आई रोज दुसऱ्यांच्या भाताला जायची आणि शाळा बंद झाली की ती जायची नाही. आपण दोघींनी कधी विचारलं का, की तिचं काम गेलं त्याचं काय झालं? आपल्याला वाटायचं, आई घरी आहे. तुझी ती बर्फाची सकाळ आणि माझं हे उपकेंद्र, यात आपल्याला वाटतं की नोकरी करून पोरं सांभाळणं आपल्यापासूनच सुरू झालं.

असो. मी कुठे होते? हं, श्रेयाला घरी ठेवायला लागले. आणि आईवर चिडायला लागले. हेही लिहिते, कारण आमच्याकडे सगळं गोडीगुलाबीचं आहे असा तुझा समज नको. हल्ली आईचं कशात लक्ष नसतं. भातात खडे निघतात. सुईत दोरा ओवायला ती श्रेयाला बसवते आणि वर म्हणते, "पोरीला सवय व्हायला पाहिजे." तुझं पत्र आलं तर "चष्मा घावंना, तूच वाच," म्हणाली, आणि चष्मा तिच्या डोक्यावर. त्याबरोबर तू फोटो पाठवला होतास ना, तुमच्या मोटारीवर ढीगभर बर्फ साचलंय आणि नुसता आरसा तेवढा बाहेर आलाय, तो. आईने तो दारात उजेडाला नेला, बराच वेळ धरला, आणि पदराने पुसून म्हणाली, "पप्पू लई गुटगुटीत झालाय." मी म्हटलं, आई, लक्ष कुठंय तुझं? तिने फोटो देवाच्या फळीवर ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

मग तो दिवस. दुपारी मी जेवायला म्हणून घरी आले. आई खाटेशेजारी बसली होती, पांघरुणावर हात फिरवत. मला पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल, आत्ता डोळा लागलाय पोरीचा." मी पांघरूण सरकवलं, तर खाली उशी आणि गुंडाळलेली सतरंजी. श्रेया घरात नव्हती. ताई, त्यानंतर मी कुठे कशी धावले ते मला सांगता येणार नाही. गोठा, विहीर, कालव्याची वाट, सगळीकडे उभा ऊस. सापडली ती कुशाबाकाकांच्या खळ्यात, करडांना पाला घालत. काका म्हणाले, "अगं, मघाशीच आली, वैनीनं धाडली आसंल वाटलं." घरी येऊन मी आईला नको ते बोलले. "एक पोर सांभाळता येत नाही?" असंही बोलले. आई भिंतीला टेकून उभी होती, आणि एवढंच म्हणाली, "खाटंवर व्हती गं ती. मी बगत व्हते." मला आणखी राग आला. बघत होतीस तर मग गेली कशी? आणि त्याच संध्याकाळी मला तुझ्या पत्राची आठवण आली. वाटलं, जाऊ दे तिला मिशिगनला. तिथे निदान ऊस नाही. खरंच, तेव्हा मी फॉर्म आणायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुशाबाकाका रक्तदाब बघायला उपकेंद्रात आले. अंगावर गोधडी पांघरली होती, पिवळ्या कापडाची, काळ्या गोल ठिपक्यांची. ती पाहून मी हसले. तुझा ड्रेस, ताई. कॉलेजात पहिल्या वर्षाला घेतलेला, ज्याला दादा म्हणाले होते, रस्त्याला लावायच्या पाटीसारखा दिसतो. तू गेल्यावर आईने त्याची गोधडी शिवली, आणि रात्रीच्या लाइटीला गव्हाला पाणी द्यायला जातात म्हणून गेल्या थंडीत काकांना दिली. काकांनी इकडे तिकडे बघितलं, व्हरांड्यातली पोरं लांब आहेत याची खात्री केली, आणि म्हणाले, "अक्षे, एक सांगतो. वैनीला बोलू नगं. तो वाघ ना, ही गोधडी व्हती." रात्रभर पाणी देऊन गोधडी दवाने भिजली, म्हणून त्यांनी सकाळी ती बांधावर पसरली आणि चहाला घरी गेले. परत येतात तर लोक काठ्या घेऊन आधी दुसऱ्याच बांधाला वेढा घालून उभे. त्यांनी गुपचूप गोधडी उचलली आणि काखोटीला मारली. मी म्हटलं, काका, तेव्हाच सांगायचं की! ते म्हणाले, "कसं सांगू? वैनी समद्यांम्होरं थरथरत व्हती. लोकं हासली आसती. आन् वाघ काय, हायेच हिकडं. आज न्हाई तर उद्या दिसलाच आसता."

मला हसूही आलं नाही. माझ्या डोक्यात अंबाबाईची पोरं, दोन गुरुजी, मुकादम, चिमाजीची शेळी, साहेबांचं हसणं, सगळं त्या एका गोधडीभोवती फिरायला लागलं. काका गेल्यावर मी आई उभी होती त्या जागी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या बांधाकडे पाहिलं. किती अंतर म्हणशील? तुझ्या-माझ्या लहानपणी त्या अंतरावरून तिने भारद्वाज ओळखला असता. आणि ती गोधडी तिने स्वतः शिवलेली, टाका न् टाका तिचा. मग मला भातातले खडे आठवले. सुई आठवली. उशी आठवली.

तरी मी आधी शाळेत गेले. माझा स्वभाव. आपल्या घरातल्या चुकीपायी सगळ्या गावाची पोरं घरी, हे मला गिळवेना. गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, की आईची चूक झाली, ती गोधडी होती, शाळा उघडा. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण आम्ही वर बिबट्या कळवलाय. आता गोधडी कशी कळवणार?" पिंजऱ्यापाशी वन खात्याचा तो माणूस बसला होता, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, बिबट्या नसता तर पिंजरा लावला असता का?" यावर काय बोलायचं असतं ते तुला सुचत असेल तर मला कळव.

आणि ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात बिबट्या सापडला. खरा. चांगला थोरला नर.

गावाला नुसतं उधाण आलं. जत्रेसारखी माणसं. आणि सगळ्यांच्या तोंडी आई. धर्माजीआप्पा तिला हाताला धरून पुढे घेऊन आले, त्यांच्या मालकिणीने तिच्या हातात मानाचा नारळ दिला. आप्पा भोंग्यावर बोलल्यासारखे बोलले, "ह्या वयात काय नजर हाय बगा! तुमी तरणीताठी पोरं, तुमाला न्हाई दिसला. वैनीला धुक्यात दिसला." कुशाबाकाका माझ्याकडे बघेनात. मी आईच्या शेजारी उभी होते. त्या पिंजऱ्याला मध्ये जाळी असते, पुढच्या भागात बिबट्या सापडतो आणि मागच्या छोट्या कप्प्यात शेळी असते, सुखरूप. बिबट्या कोपऱ्यात दबून बसला होता, आवाज न करता. शेळी मात्र भेदरून धडका मारत होती. लोकांनी आईला विचारलं, "मावशे, ह्योच का तो?" आईने डोळे बारीक केले, जिथे हालचाल दिसत होती तिकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाली, "बया, केवढा थोरला गं!"

ती शेळीकडे बघत होती, ताई.

लोकांना काही कळलं नाही. मी तिचा दंड धरला, तिने माझ्याकडे न बघता दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट दाबला. दाबला म्हणजे, बोलू नकोस असा दाबला. तेव्हा मला कळलं, की तिला सगळं ठाऊक आहे. नारळ घेऊन आम्ही घरी आलो. ती तो ओट्यावर ठेवायला गेली तर तो खाली पडला आणि घरंगळत गेला, तसा तिने पायानेच अंदाजाने अडवला. इतक्या सराईतपणे, की किती दिवस ती असं चाचपडत वावरते आहे ते मला दिसलं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, गौरीच्या सुमारापासून. एक डोळा आधी गेला, दुसरा दिवाळीनंतर धुरकट झाला. मी म्हटलं, मी नर्स आहे गं, मला नाही सांगायचं? तर म्हणाली, "तुला सांगितलं आसतं तर तू श्रेयाला माझ्यापाशी ठेवलं आसतं का? आन् शीलीनं मला बोलावलं आसतं का?" नेहमीसारखं साधं बोलली, तक्रार म्हणून नाही. मग थोड्या वेळाने, "खरा वाघ कसा दिसत व्हता गं? सांग की." मी सांगितला. जमेल तेवढा. मला नीट सांगताही येईना.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या शिबिराला गावातली सगळी म्हातारी माणसं मीच जीपमध्ये बसवून नेली होती, एकेकाच्या डोळ्यात टॉर्च मारून. त्या दिवशी सगळ्यांच्या भाकऱ्या आईने करून दिल्या होत्या. आता यावर मी जास्त लिहीत नाही.

शाळा उघडली. बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात गेला. आईला घेऊन मी मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, जुन्नरचे लोकही त्यांच्याकडेच जातात, हात चांगला आहे म्हणतात. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, दोन्ही पिकलेले. काळजीचं नाही, पण आता थांबायचं नाही असं ते म्हणाले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक डोळा, पुढे महिन्याभराने दुसरा. मधल्या काळात वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, दिवसभर ठरल्या वेळी थेंब घालायचे. म्हणजे तिच्यापाशी एक माणूस सतत हवं. ते माणूस मी असायला हवं होतं. पण माझी या वर्षीची किरकोळ रजा दोन महिन्यांत बिबट्याने खाल्ली, आणि हक्काची मागितली तर साहेब पुन्हा हसले. मार्चअखेर आहे, सिस्टर. श्रेयाचे बाबा चाकणला कंपनीत, त्यांनाही मार्चअखेर. अंबाबाई म्हणाली मी बसते म्हाताऱ्या आईपाशी, पण तिची तीन पोरं आणि खुरपणी आहेच.

म्हणून हे पत्र. पासपोर्टचा फॉर्म मी आणलेला नाही. आपल्या घरात पासपोर्ट एकाच माणसाकडे आहे, आणि ते माणूस तू आहेस. तू ये, ताई. तुझ्या त्या वरिष्ठ बाईला सांग, की इकडे फार बर्फ पडलंय. नोकरीचं भय मला कळतं. मला जेवढं कळतं तेवढं तिकडे कुणाला कळणार नाही. म्हणून सहा महिने नाही मागत, पहिल्या डोळ्यापुरती ये, दुसऱ्याचं मी कसंतरी बघेन, तेव्हा एप्रिल लागलेला असेल. आईला मी सांगितलेलं नाही, उगाच वाट बघत बसेल. आणि येताना पप्पूला घेऊन ये. शाळा बुडते म्हणून मागे ठेवू नकोस. पट्टी निघेल त्या दिवशी तो तिच्यासमोर उभा असायला हवा. तुझ्या त्या फोटोला ती अजूनही रोज सकाळी हात लावते, ताई, आणि त्यात नुसती तुमची मोटार आहे.

वाट पाहणारी, रजा संपलेली,
तुझीच
अक्षदा